लाकडी बंदुकीचा पंचनामा

"वाचून दाखवा जी, मोठ्यानं."

एवढं म्हणून जमादार पेनाला टोपण लावायचे, डावा हात कानामागं धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. समोरचा माणूस वाचत असेपर्यंत ते डोळे उघडायचे नाहीत. कागद कसलाही असो. पंचनामा असो, जबाब असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी असो. एकदा मी त्यांना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका द्यायला गेले, तर तीही त्यांनी मलाच वाचायला लावली. मी 'अध्यक्षीय भाषण' या ओळीवर आले तेव्हा ते एक डोळा उघडून म्हणाले, "हे लांबते का जी?"

पोलीस हेडकॉन्स्टेबलला आमच्याकडं जमादार म्हणतात. तुमच्या गावातही असा एखादा जमादार असेल, पण हा जरा वेगळा होता. पोलीस म्हटल्यावर जो आडवातिडवा माणूस डोळ्यांसमोर येतो, त्याच्या निम्मा. पट्ट्याला त्यांनी स्वतः खिळ्यानं तीन जास्तीची भोकं पाडली होती. टोपी कानांपर्यंत खाली यायची. खिशात कायम चारोळ्या. भेटलं की दोन दाणे तळहातावर ठेवायचे. दोनच. तिसरा मागितला तर म्हणायचे, "जंगल काही माह्या बापाचं नाही."

मी देवरी तालुक्यात एका आश्रमशाळेवर मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. माहेर गोंदियाचं, त्यामुळं तोंडात अर्धी हिंदी. चिचगडच्या पुढं रस्ता दोन्ही बाजूंच्या सागात शिरतो, तिथून पुढं कुठंतरी आमची शाळा आणि शाळेला लागून पोलिसांचं दूरक्षेत्र. आम्ही त्याला ठाणंच म्हणायचो. नेमकं कोणतं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. भोवती काटेरी तार, वाळूची पोती, कोपऱ्यात बुरूज. त्या पट्ट्यात तेव्हा जंगलातल्या दलमची, म्हणजे नक्षलवाद्यांच्या तुकडीची, भीती होती आणि पोलिसांचीही. गावातली माणसं दोन्हींकडं न बघता रस्त्याच्या मधोमध चालायची.

मुंबईवर हल्ला झाला होता त्यानंतरचं ते वर्ष. दहशतवादाविरुद्धचा कायदा नुकताच आणखी कडक झाला होता. त्यात आत गेलेल्या माणसाला जामीन मिळणं फार कठीण, आणि दोषारोपपत्राविनाच एकशेऐंशी दिवस तुरुंगात ठेवता येतं, हे मला जमादारांनीच सांगितलं होतं. सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता.

"कायदा पायजेच बाई," ते म्हणाले होते. "सुरुंग काही विचारून फुटत नाही. पण जेवढा कायदा कडक, तेवढा लिहिणाऱ्याचा हात हलका पायजे."

त्यांना हे सांगायचा अधिकार होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर सुरुंगात गेला होता. दोघांची जोडी सगळ्या तालुक्याला माहीत होती. एक बोलायचा आणि एक हसायचा. त्या दिवशी जमादारांची सुट्टी होती म्हणून ते वाचले. दर दिवाळीला ते त्या मित्राच्या आईकडं लुगडं घेऊन जायचे आणि अख्खा दिवस तिच्या अंगणात बसून तिच्या जुन्या जुन्या गोष्टी ऐकून यायचे. "म्हातारी लय खोटं बोलते," परत आल्यावर सांगायचे. "लेक लहानपणी वाघाच्या मागं धावला म्हणे. तो तर कुत्र्याले भ्यायचा!" आणि मग खो खो हसायचे, हसताना टोपी नाकावर यायची.

वाचून घ्यायची सवय त्यांना कशी लागली तेही त्यांनीच सांगितलं. नोकरी नवी असताना एका चोरीच्या प्रकरणात वरिष्ठांनी जबाब पुढं केला आणि यांनी न वाचता सही ठोकली. खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "आपने मुलजिम का आधा किलोमीटर पीछा किया?" हे म्हणाले, "हव." वकिलानं दवाखान्याचा कागद काढला. त्या तारखेला जमादार मलेरियानं भरती होते. वकील म्हणाला, "तो क्या सलाइन लेकर दौड़े?"

"अख्खं कोर्ट हासलं बाई," जमादार सांगायचे. "जज हासले, शिपाई हासला, चोरही हासला. अन् सुटला! चोर खरा होता जी. चोरी त्यानंच केली होती. भातात एक खडा लागला का पुरा घास थुंकाव लागते. तसं झालं."

तेव्हापासून त्यांच्या हातून लिहिलेला एकही कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढं गेला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रेला दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, नाहीतर नाटक हवंच. त्या वर्षी मंडईच्या दिवसांत एका सकाळी जमादार सायकल दामटत शाळेत आले. मी मुलांच्या रांगेला नाश्ता वाढत उभी होते.

"बाई, पंच व्हा लागते. चाला."

"कसली पंच?"

"नाकाबंदीत टेम्पो धरला. त्यात दोन बाया आहेत. बायांच्या सामानाच्या झडतीले बाईच पंच पायजे." मग जरा आवाज खाली करून म्हणाले, "टेम्पोत चार बंदुका आहेत."

माझ्या हातातला पळा खाली पडला.

"भिऊ नोका," ते म्हणाले. "मले काही त्या बंदुकांचा चेहरा बराबर दिसून नाही राहिला."

ठाण्याच्या आवारात आठ माणसं ओळीनं बसवली होती. समोर ताडपत्रीवर सामान मांडलं होतं. हिरवे शर्ट आठ, चार काळ्या बंदुका, गाडीची बॅटरी, वायरचं वेटोळं, हार्मोनियम, ढोलकी, दोन लुगडी, खोट्या केसांचे तीन टोप. टेबलाशी आमचे ठाणेदार साहेब. साताऱ्याकडचे, तिशीच्या आतले, हुशार. वाईट माणूस मुळीच नव्हता. पण त्या महिन्यात वरून सारखे फोन येत होते आणि त्यांनी तीन दिवस नीट झोप घेतलेली नव्हती. त्यांच्या हातात एक वही होती.

"मॅडम, हे बघा," साहेब मला म्हणाले. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. तिथं लाल शाईनं खूण केलेली ओळ होती. 'पहाटे चारला पूल उडवायचा. एकही जिवंत सुटता कामा नये.'

मी ती ओळ दोनदा वाचली.

ओळीतला पोट सुटलेला माणूस हात जोडून उभा राहिला. तो अर्जुनीकडचा शिंपी होता आणि मंडळाचा दिग्दर्शक. "साहेब, ते आमचं नाटक आहे जी. 'कुंकवाचा पहारा'. जवानाचं नाटक आहे. बॅटरी-वायर भोंग्याची आहे."

"मग ही लाल रेघ कशाला?"

"लाल रेघ म्हणजे तेथं आवाज चढवाचा."

कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "जमादार, हे पान जप्त करा. पंचनामा लिहायला घ्या."

जमादार खुर्चीवर बसले, कागदाखाली कार्बन घातला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, एक पान जप्त नाही करता येत. वही जप्त करा लागते. अन् वही जप्त केली का तिच्यात काय आहे ते लिहा लागते." मग दिग्दर्शकाकडं वळून त्यांनी टोपण लावलं, हात कानामागं नेला आणि डोळे मिटले. "वाचून दाखवा जी, मोठ्यानं."

बिचाऱ्या दिग्दर्शकाला नुसतं वाचता येतच नव्हतं. त्याला फक्त करून दाखवता येत होतं. पहिलं वाक्य त्यानं कसंबसं पुटपुटलं, दुसऱ्याला त्याची छाती पुढं आली आणि तिसऱ्याला तो शत्रूचा सेनापती झाला. "हा हा हा! पहाटे चारला पूल उडवायचा!" बुरुजावरचा शिपाई दचकून आत बघायला लागला.

"तुम्ही जंगलाकडं बघा!" साहेब ओरडले.

आता सेनापतीला उत्तर द्यायला जवानाची बायको हवी. ते काम करणारी बाई तापानं फणफणली होती, भिंतीला टेकून बसली होती. जमादारांनी डोळे न उघडताच सांगितलं, "बाई, तुम्ही वाचा."

"मी पंच आहे!"

"म्हणूनच जी. पंचानं मजकूर पाहाव लागते."

आणि मग मी, आश्रमशाळेची कायम न झालेली शिक्षिका, पोलीस ठाण्यात भर सकाळी उभी राहून वाचू लागले, "खबरदार! माझ्या कुंकवाला हात लावशील तर या मातीची शपथ आहे!" पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदा बरा आला. तिसऱ्या वाक्याला मला स्वतःलाच मजा वाटायला लागली. ढोलकीवाल्यानं बसल्याजागी गुडघ्यावर ठेका धरला. मग विनोदी नोकराचा प्रवेश आला, सैन्यात भरती व्हायला गेलेला आणि उंची मोजताना टाचा उचलणारा. जमादारांची उंची सगळ्यांना माहीत होती. शिपायांनी आधी तोंडावर रुमाल धरले, मग सोडून दिले. साहेबांनी टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं. वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि ते हसूच होतं, याबद्दल मला शंका नाही.

असंच चाललं असतं तर ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सांगितली असती.

साहेबांनी एकेकाची ओळखपत्रं बघायला घेतली. सात झाली. आठवं ढोलकीवाल्याचं. पस्तिशीचा, काळासावळा, फार कमी बोलणारा माणूस. घरी गोंडी बोलायचा, मराठी अडखळत. त्याच्या गावाचं नाव वाचून साहेब थांबले. आत जाऊन त्यांनी एक यादी आणली. ढोलकीवाल्याचा थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी दलममध्ये गेला होता.

आवारातलं हसू एकदम विझलं.

"बाकीच्यांना सोडा," साहेब म्हणाले. "हा राहील. पंचनाम्यात लिहा, बंदुका चार, हिरवे गणवेश आठ, बॅटरी, वायर."

जमादारांनी लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता थांबून म्हणाले, "लाकडी लिहा लागते जी."

"एवढं तपशिलात जायची गरज नाही. मी सांगतो तेवढंच लिहा."

"आपण सांगा, मी लिहितो. पण खाली पंचाची सही आहे. बाई वाचून सही करतील."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मला तो क्षण अजून आठवतो. नोकरी नवी, शाळा ठाण्याच्या भिंतीला भिंत लावून, ठाणेदार समोर. जमादार मात्र माझ्याकडं बघत नव्हते. पेनाच्या टोकाकडं बघत होते. त्यांनी डोळ्यांनी जरी काही खुणावलं असतं तरी मला सोपं गेलं असतं. पण नाही. माझं मला ठरवायचं होतं.

"लाकडी लिहिलं नाही तर मी सही करणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की साहेबांनी पुन्हा विचारलं. मग मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, हे तुम्हाला माहीत असेल.

साहेब उठून जमादारांच्या समोर आले. "जमादार, तुमच्या जोडीदाराचे तुकडे तुम्ही हातानं गोळा केलेत. मला सगळं माहीत आहे. याचा भाऊ त्यांच्यात आहे. तरी तुम्ही शब्दासाठी अडता?"

जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचं पहिल्यांदाच पाहिलं. डोक्यावर मोजून चार केस होते.

"गोळा केले म्हणूनच सांगून राहिलो साहेब," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "ज्यानं सुरुंग पेरला तो मले पायजे. रोज पायजे. पण तोच पायजे. त्याच्या बदल्यात दुसरा कोणी नोको. दुसरा धरला तर पहिला मोकळाच राहिला ना जी?"

साहेब परत खुर्चीत जाऊन बसले. मग म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते. पण हा माणूस उद्या कोर्टात हजर होईल. मला संशय आहे आणि संशय तपासणं माझं काम आहे."

"हव जी. ते आपलं कामच आहे," जमादार म्हणाले, आणि टोपी घालून लिहायला लागले.

तो पंचनामा मी शब्दाशब्दानं वाचून सही केली म्हणून मला अजून पाठ आहे. 'सागवानी लाकडाच्या चार बंदुका, काळा रंग दिलेल्या. पैकी एकीचा रंग अद्याप ओला असून हाताला लागतो. कोणत्याही नळीला भोक नाही. पंचांसमक्ष काडी घालून पाहिली असता काडी आत गेली नाही.' ती काडी मीच घातली होती. झाडूची होती.

पंचनामा झाला आणि जमादार दुसऱ्याच घाईला लागले. अटकेचा कागद ढोलकीवाल्याच्या हातात देऊन त्यांनी आमच्या शाळेच्या स्वयंपाकिणीला बोलावून घेतलं, कारण तिला गोंडी येत होती. कशासाठी धरलं आहे, उद्या कुठं नेणार, वकील मागता येतो, हे सगळं तिच्याकडून त्याला त्याच्या भाषेत सांगवलं. एसटीच्या कंडक्टरकडं निरोप देऊन त्याच्या घरी कळवलं. एक नवा शिपाई कुरकुरला, "एवढं कायले करून राहिले जमादार? जावई आहे का तो?"

"जावयाले एवढं नाही करत मी," जमादार म्हणाले. "हे कायद्यात लिवलं आहे. कडक कायद्यातही लिवलं आहे. तू फक्त पहिलं पान वाचलं."

दुसऱ्या दिवशी मीही देवरीच्या कोर्टात गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. हेडमास्तरांना पोटदुखी सांगितली, आणि ती खरीच होती. ढोलकीवाल्याची बायको पहिल्या बसनं येऊन पायरीवर बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं. दिग्दर्शकासकट अख्खं नाटक मंडळ तिच्या मागं उभं. तापातली नायिकासुद्धा.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी पंचनामा मनातल्या मनात वाचला. 'काडी आत गेली नाही' इथं पोचल्या तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाल्या, "मुद्देमाल दाखवा." बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि खाली ठेवली. त्यांच्या चारही बोटांना काळा रंग लागला होता.

"केव्हा रंगवली ही?"

मागून दिग्दर्शक उत्साहानं ओरडला, "परवाच्या सांजेले जी! मंडईसाठी नवी केली!"

कोर्टात हशा झाला. बाईंनी बोटं रुमालाला पुसली आणि साहेबांना विचारलं, "भाऊ जंगलात आहे, याशिवाय या माणसाविरुद्ध काही आहे?"

साहेब उभे होते. त्या क्षणी ते काहीही सांगू शकले असते. म्हणाले, "नाही, मॅडम. आत्ता तरी नाही."

"मग हा माणूस इथं का आहे?"

दुपारपर्यंत ढोलकीवाला मोकळा झाला. त्यानं पायरीवर बसून आधी भाकरी खाल्ली. बायको एकेक तुकडा मोडून देत होती आणि त्याला शिव्या घालत होती. जमादार दोन हात लांब उभे राहून पाहत होते. तिनं त्यांनाही अर्धी भाकर दिली आणि थोड्या शिव्याही दिल्या. त्यांनी दोन्ही घेतल्या. एवढ्यात दिग्दर्शक आला. "जमादार, बंदुका भेटतील का जी? उद्या प्रयोग आहे."

"अर्ज लिव," जमादार म्हणाले. "अन् लाकडी लिवजो."

त्यानंतर दोन महिने साहेब जमादारांशी कामापुरतंच बोलत. जमादारांना त्याचं दुःख होतं, पण ते दाखवायचे नाहीत. माझ्याकडं येऊन चारोळ्या ठेवायचे आणि म्हणायचे, "साहेब खरं बोलले बाई कोर्टात. तरणा माणूस, वरून दाब, तरी खोटं नाही बोलला. मोठा होईल तो." जमादारांचा बदलीचा हुकूम निघणार, असं शिपाई कुजबुजायचे.

हुकूम निघाला नाही. मार्चमध्ये मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा नाकाबंदीत एका मोटारसायकलवरचं पोतं उघडलं. वर मोहफुलं, खाली स्फोटकांच्या नळ्या. या वेळी खऱ्या. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस, चाळिशीचा. शिपायांच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. एकानं हात उचललासुद्धा. साहेबांनी तो हात वरच्या वर धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "कोणी हात लावायचा नाही. पंचनामा जमादार लिहितील."

पुन्हा मीच पंच. जमादारांनी त्या माणसाला पाणी दिलं, बसायला बाकडं दिलं, डॉक्टरला बोलावून त्याच्या अंगावर जखम नाही असं लिहून घेतलं. त्याच्या घरी कळवलं. एका ओळीवर त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं. पण लिहिलं तेवढंच, जेवढं पोत्यात होतं. एक नळी कमी नाही, एक जास्त नाही.

तो खटला गोंदियाला उभा राहिला. आरोपीचा वकील मोठा होता. त्यानं मला तासभर उभंआडवं घेतलं. पोतं कोणत्या रंगाचं होतं, दोरीला गाठी किती होत्या, सूर्य कुठल्या बाजूला होता. माझ्या मनात काही बनवलेलं नव्हतंच, त्यामुळं आठवत होतं ते सांगत गेले आणि आठवत नव्हतं तिथं आठवत नाही म्हणाले. शेवटी त्यानं चष्मा काढून फाईल मिटली. माणसाला शिक्षा झाली. बाहेर आल्यावर साहेबांनी जमादारांना कडकडून मिठी मारली. साहेबांच्या बिल्ल्यात जमादारांची टोपी अडकली आणि दोघंही बराच वेळ तसेच वाकून, टोपी सोडवत, हसत राहिले. कोर्टातले पक्षकार थांबून बघत होते.

त्या उन्हाळ्यात साहेबांनी नव्या शिपायांसाठी ठाण्यात वर्ग सुरू केला. पंचनामा कसा लिहायचा, अटकेच्या वेळी काय काय सांगायचं. शिकवायला जमादार. साहेब स्वतः पहिल्या ओळीत वही घेऊन बसत. शाळेच्या खिडकीतून मला ऐकू यायचं, एकजण वाचतो आहे आणि मध्येच जमादार गरजतात, "'पळून जात असताना' काऊन लिवलं? तू पाहिलं का पळताना? नाही ना? मग बसवूनच ठेव त्याले!"

जमादार निवृत्त झाल्यावर नाटकवाल्यांनी त्यांना गाठलं. त्यांच्या नव्या नाटकात हवालदाराचं काम होतं. जमादारांनी हात जोडले. "वर्दी खरीच घातली आयुष्यभर. खोटी नाही घालत." मग राजाचं काम करतात का, असं विचारलं. त्याला मात्र एका पायावर तयार! दिवसाची दंडार होती, मी पोरांना घेऊन गेले होते. मुकुट कानांवर आलेला राजा सिंहासनावर बसला, प्रधानानं गुन्हेगार पुढं आणला आणि संवादाप्रमाणं राजानं म्हणायचं होतं, 'याचं मस्तक उडवा.' राजानं थोडा विचार केला आणि विचारलं, "यानं केलं काय पण?" प्रधान गडबडला. त्याच्या वहीत ते नव्हतं. ढोलकीवाल्यानं प्रसंग ओळखून जोरात थाप दिली आणि मंडईभर हसू लोटलं. शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या डोळे पुसत म्हणत होत्या, "असाच राजा पायजे बाप्पा."

माझी बदली तिरोड्याकडं झाली. जमादारांचं गाव तिथल्या बोदलकशाच्या तलावापासून फार लांब नव्हतं. ते कोहळ्यांच्या घरातले, म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावोगावचे तलाव बांधले त्या लोकांतले. एकदा मे महिन्यात बसमधून उतरून मी त्यांच्याकडं गेले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि म्हणाली, "ते घरी कोठं राहतात? तलावावर पाहा."

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. झोपेत गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही. त्यामुळं मी त्यांना पाहिलं ते त्या मे महिन्यातच शेवटचं.

तलावाच्या काठावर मी उभी राहून हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांची पाच-सहा वर्षांची नात पाण्यावर पालथी, हातपाय झाडत, डोळे गच्च मिटून ओरडत होती, "सोडू नोको आबा! सोडू नोको!" जमादारांचा एक हात तिच्या पोटाखाली होता. "हव, धरलं आहे ना," ते म्हणत होते, "धरलं आहे." आणि म्हणता म्हणता त्यांनी तो हात हळूच बाजूला घेतला. दोन्ही हात पाण्यावर, तिच्यापासून वीतभर अंतरावर, उघडे. पोरगी ओरडतच होती आणि पोहतच होती.